ॲपनं डेटाचा गैरवापर केला, तर कंपनीला पकडतं कोण?

समजा एखाद्या ॲपनं तुमचा डेटा न विचारता वापरला, किंवा नीट सांभाळला नाही म्हणून तो बाहेर फुटला. भारतात त्या कंपनीवर कारवाई कोण करतं? पोलीस, कोर्ट, रिझर्व्ह बँक, की दिल्लीचं नवीन डेटा प्रोटेक्शन बोर्ड? आजवर वेगवेगळ्या प्रकरणांत वेगवेगळ्या यंत्रणा पुढे आल्या आहेत, आणि प्रत्येकीच्या हातातली काठी वेगळी आहे. कुणी दंड करतं, कुणी परवाना काढून घेतं, कुणी नुकसानभरपाई देऊ शकतं. हा फरक माहीत नसेल तर तक्रार चुकीच्या खिडकीवर जाते आणि तिथेच पडून राहते.

३३५ जणांनी टाकलं, ५ लाख ६२ हजारांचा गेला

केंब्रिज ॲनालिटिकाचं नाव तुम्ही ऐकलं असेल. २०१८ मध्ये बाहेर आलेलं हे फेसबुकचं प्रकरण. 'धिस इज युवर डिजिटल लाइफ' नावाची एक प्रश्नमंजुषा होती. ती सोडवणाऱ्याचा डेटा तर जायचाच, शिवाय त्याच्या मित्रांचाही जायचा. फेसबुकनंच दिलेल्या आकड्यांनुसार भारतात हे ॲप फक्त ३३५ लोकांनी टाकलं होतं, आणि त्यामुळे ज्यांचा डेटा गेला असण्याची शक्यता होती असे भारतीय होते ५ लाख ६२ हजारांच्या आसपास. म्हणजे बहुतेकांनी ते ॲप पाहिलंसुद्धा नव्हतं.

पुढे काय झालं ते देशागणिक बघा. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी फेसबुकला ५ लाख पौंड दंड केला, कारण त्यांच्या जुन्या कायद्यात याहून जास्त दंड करताच येत नव्हता. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं जुलै २०१९ मध्ये ५०० कोटी डॉलरचा दंड लावला. भारतात? सरकारनं नोटिसा पाठवल्या आणि जानेवारी २०२१ मध्ये सीबीआयनं केंब्रिज ॲनालिटिका आणि तिला डेटा पुरवणाऱ्या ग्लोबल सायन्स रिसर्च या कंपनीवर गुन्हा नोंदवला. फेसबुकला आपल्याकडे दंड झाला नाही, कारण असा दंड ठोठावणारा खास कायदा आणि तो राबवणारी यंत्रणा आपल्याकडे नव्हतीच. प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला एकमतानं सांगून झालं होतं. पण हक्क असणं वेगळं आणि तो मोडणाऱ्याकडून वसुली करणारा माणूस असणं वेगळं.

कर्जाची ॲप्स आणि कॉन्टॅक्ट लिस्ट

खेड्यापाड्यातल्या पोरांना डेटा चोरीचा खरा चटका बसला तो फेसबुकमुळे नाही, झटपट कर्ज देणाऱ्या ॲप्समुळे. मी देवळ्याचा. आमच्याकडे कांद्याचा पैसा हातात येतो तो माल उमराण्याच्या नाहीतर देवळ्याच्या बाजारात गेल्यावर. रोपं, खतं, मजुरी, कॉलेजची फी, मोबाईलचा हप्ता यांना मात्र पैसे आधी लागतात. अशा वेळी 'आधार टाका, पाच मिनिटांत दहा हजार' हे गोड वाटणारच.

ही ॲप्स कर्ज देताना तारण घेत नव्हती, असं लोक म्हणतात. घेत होती ना. तुमची कॉन्टॅक्ट लिस्ट हेच तारण होतं. हप्ता चुकला की फोन त्या यादीतल्या लोकांना जायचे, फोटोत फेरफार करून बदनामीचे मेसेज जायचे. मोठ्या शहरातल्या माणसाच्या यादीत निम्मी नावं कामापुरती असतात. देवळ्यासारख्या गावात त्याच यादीत आडतदार असतो, शाळेतले सर असतात, बहिणीच्या सासरची माणसं असतात. एक मेसेज गेला तरी दुसऱ्या दिवशी चौकातून जाताना मान खाली घालावी लागते.

हे तांत्रिकदृष्ट्या किती सोपं होतं, ते सांगतो. प्रत्येक ॲन्ड्रॉइड ॲपसोबत मॅनिफेस्ट नावाची एक फाइल असते. ॲपला काय काय लागणार, ते तिच्यात लिहावं लागतं. कॉन्टॅक्ट्स वाचायचे असतील तर तिच्यात एक ओळ टाकायची, आणि वापरताना तुम्हाला एकदा 'अलाउ' विचारायचं. तुम्ही दाबलं की संपलं. वाचलेली यादी कंपनीच्या सर्व्हरवर पाठवायला वेगळी परवानगी लागत नाही, कारण इंटरनेट वापरू का, हे ॲन्ड्रॉइड तुम्हाला विचारतच नाही. पाचशे नंबरांची यादी म्हणजे तुमच्या एका फोटोपेक्षाही लहान फाइल, सेकंदभरात जाते. नंतर सेटिंगमध्ये जाऊन परवानगी काढून घेतली तरी गेलेली यादी परत येत नाही. शिवाय त्या पाचशे जणांना कुणीच काही विचारलेलं नसतं. इथे पुन्हा तेच ३३५ आणि साडेपाच लाखांचं गणित आहे.

इथे काठी उचलली ती रिझर्व्ह बँकेनं. जानेवारी २०२१ मध्ये तिनं एक कार्यगट नेमला. त्या गटाला भारतीयांसाठी उपलब्ध अशी सुमारे ११०० कर्ज-ॲप्स वेगवेगळ्या ८० हून अधिक ॲप स्टोअर्सवर सापडली, आणि त्यातली ६०० बेकायदा होती. निम्म्याहून जास्त! मग २ सप्टेंबर २०२२ ला डिजिटल कर्जाचे नियम आले. त्यात स्पष्ट लिहिलं की कर्जाच्या ॲपनं फोनमधल्या फाइल्स, फोटो, कॉन्टॅक्ट्स, कॉल लॉग यांना हात लावायचा नाही. कॅमेरा, माइक, लोकेशन हे केवायसीसाठी एकदाच, तेही ग्राहकाची स्पष्ट परवानगी घेऊन. डेटा भारतातल्या सर्व्हरवर ठेवायचा, आणि ग्राहकानं सांगितलं तर पुसायचा. त्याआधी फेब्रुवारी २०२२ मध्ये 'कॅशबीन' ॲप चालवणाऱ्या पीसी फायनान्शियल सर्व्हिसेस या वित्त कंपनीची नोंदणीच रिझर्व्ह बँकेनं रद्द केली होती. दंड भरून दुकान पुन्हा उघडता येतं, नोंदणी गेल्यावर नाही.

पण माझ्या मते खरा फरक पडला तो ३१ मे २०२३ ला. त्या तारखेपासून गूगलनं प्ले स्टोअरवरच्या वैयक्तिक कर्जाच्या ॲप्सना कॉन्टॅक्ट्स आणि फोटो मागायलाच बंदी केली. म्हणजे मॅनिफेस्टमध्ये ती ओळ असेल तर ॲप दुकानात ठेवायचंच नाही. सप्टेंबर २०२२ ते ऑगस्ट २०२३ या काळात गूगलनं २,२०० हून अधिक कर्ज-ॲप्स काढून टाकली किंवा निलंबित केली, असं सरकारनं संसदेत सांगितलं. सरकारी नियम आणि दुकानदाराचा नियम एकाच जागी येऊन बसले की असं होतं. नुसत्या परिपत्रकानं फोनमधली परवानगीची चौकट बदलत नाही.

याला दोन भोकं आहेत. एक, रिझर्व्ह बँकेचा हुकूम तिच्याकडे नोंदलेल्या बँका आणि वित्त कंपन्यांनाच लागू होतो. जी टोळी कुठे नोंदलेलीच नाही, तिला परिपत्रक पाठवणार कुठे? फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्रानं ९४ कर्ज-ॲप्स आणि १३८ सट्ट्याची ॲप्स एकदम ब्लॉक करायला घेतली, ती माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-ए खाली. ते कलम देशाच्या सार्वभौमत्वाचं आहे, प्रायव्हसीचं नाही. हाताला लागलं ते हत्यार वापरलं, इतकंच. दुसरं भोक म्हणजे व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल. ती प्ले स्टोअरच्या फाटकातून येतच नाही, त्यामुळे वरचा एकही नियम तिला अडवत नाही.

मंत्रालयातली खिडकी

ही गोष्ट इंजिनिअरिंग झालेल्या माझ्या मित्रांनाही ठाऊक नसते. माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ४३-ए आहे. कंपनीनं तुमचा संवेदनशील डेटा सांभाळण्यात हयगय केली आणि तुमचं नुकसान झालं, तर कंपनीनं तुम्हाला भरपाई द्यायची. दंड नाही, भरपाई, म्हणजे पैसे तुमच्या खिशात. हा दावा ५ कोटी रुपयांपर्यंत असेल तर तो ऐकायचा अधिकार राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांना आहे. आपल्यासाठी म्हणजे मुंबईत, मंत्रालयात.

महाराष्ट्रात ही खिडकी खरंच चालली आहे. २०१३ चं पुण्याचं प्रकरण गाजलं होतं. पूना ऑटो अँसिलरीज या कंपनीला फसवा ईमेल आला, त्याला उत्तर गेलं, आणि पंजाब नॅशनल बँकेतल्या खात्यातून ८० लाख १० हजार रुपये निघून गेले. तेव्हाचे आयटी सचिव राजेश अग्रवाल यांनी बँकेला ४५ लाख रुपये द्यायला सांगितलं. पूर्ण रक्कम का नाही? कारण फसव्या मेलला उत्तर देण्यात खातेदाराचीही चूक होती. पण चोरांनी पैसे वळवण्यासाठी जी खाती उघडली, ती उघडताना पुरेशी तपासणी झाली नव्हती, म्हणून बँकही सुटली नाही. 'तुम्हीच ओटीपी दिला, आता आमचा संबंध नाही' असं ज्यांना ऐकवलं जातं, त्यांनी हा निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे.

अडचण ही की देवळ्याहून मंत्रालय लांब आहे. दावा तयार करायला वकील लागतो, नुकसान किती झालं ते आकड्यात दाखवावं लागतं, आणि बदनामी किंवा मनस्ताप आकड्यात मांडणं अवघड. म्हणून ही वाट मोठ्या रकमेच्या बँक फसवणुकीत जास्त वापरली गेली. आणि आता ही खिडकीच बंद व्हायची तारीख ठरली आहे. त्याकडे पुढे येतो.

व्हॉट्सॲपला २१३ कोटी

जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपवर आलेली ती सूचना आठवते? नवीन धोरण मान्य करा, नाहीतर व्हॉट्सॲप वापरता येणार नाही. मग लोकांनी टेलिग्राम, सिग्नल टाकलं आणि आठवड्याभरात परत आले, कारण सगळे नातेवाईक, कॉलेजचे ग्रुप, बाजारभावाचे ग्रुप इकडेच. नेमका हाच मुद्दा भारतीय स्पर्धा आयोगानं पकडला. हा आयोग प्रायव्हसीचा नाही, बाजारातल्या दादागिरीचा. त्याचं म्हणणं असं की सोडून जायला दुसरी जागाच नसेल तर 'मान्य आहे' दाबण्याला संमती म्हणता येत नाही. १८ नोव्हेंबर २०२४ ला आयोगानं मेटाला २१३ कोटी १४ लाखांचा दंड केला आणि जाहिरातींसाठी व्हॉट्सॲपचा डेटा मेटाच्या इतर कंपन्यांना द्यायला पाच वर्षांची बंदी घातली. मेटा अपिलात गेली. ४ नोव्हेंबर २०२५ ला कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणानं दंड कायम ठेवला, पण पाच वर्षांची बंदी उठवली.

मला इथे दंड कमी महत्त्वाचा वाटतो. मेटाचं २०२४ चं उत्पन्न सुमारे १६,४५० कोटी डॉलर होतं. भागाकार करून बघा, २१३ कोटी रुपये ही तिची दीड तासाचीही कमाई नाही. डेटा इकडून तिकडे जाण्यावरची बंदी मात्र कंपनीच्या कोडमध्ये बदल करायला लावणारी होती, आणि तीच गेली.

नवा कायदा

न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीनं जुलै २०१८ मध्ये अहवाल दिला. त्यानंतर मसुदे आले, मागे घेतले गेले, आणि शेवटी डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यावर ११ ऑगस्ट २०२३ ला राष्ट्रपतींची सही झाली. त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं. आणि सगळं एकदम लागू झालं नाही. बोर्डाची रचना लगेच, संमती व्यवस्थापक नावाची व्यवस्था वर्षभरानं, आणि तुमचे-माझे हक्क व कंपन्यांची जबाबदारी अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून.

कायदा कंपनीला 'डेटा फिड्युशरी' म्हणतो. म्हणजे विश्वस्त. देवस्थानच्या दानपेटीचा विश्वस्त असतो तसा: पैसे त्याच्या ताब्यात, पण मालकीचे नाहीत. हा शब्द मला आवडतो. त्यातून पुढचं सगळं निघतं. संमती घेताना कशासाठी ते साध्या भाषेत सांगायचं. ती सूचना इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचायची सोय द्यायची, म्हणजे मराठीचा पर्याय देणं हे कंपनीचं सौजन्य नसेल, तुमचा हक्क असेल. संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती काढून घेणंही सोपं हवं. डेटा फुटला तर ज्यांचा फुटला त्या प्रत्येकाला विनाविलंब कळवायचं आणि बोर्डाला ७२ तासांत तपशील द्यायचा. १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळलेली संमती लागेल, आणि त्यांच्यावर नजर ठेवून जाहिराती दाखवायला सर्वसाधारण बंदी असेल.

दंड किती? सुरक्षा ढिली ठेवली तर २५० कोटींपर्यंत, फुटल्याचं लपवलं तर २०० कोटींपर्यंत, मुलांच्या डेटाबाबत नियम मोडले तर २०० कोटींपर्यंत. आमच्या धंद्यात याचा परिणाम कसा होतो, तर 'हा डेटा एन्क्रिप्ट करायचा का, कुणी उघडला त्याची नोंद वर्षभर ठेवायची का' हे प्रश्न एरवी 'पुढच्या व्हर्जनमध्ये बघू' म्हणून सरकतात. एन्क्रिप्शन आणि वर्षभराच्या नोंदी या दोन्हींचा उल्लेख आता नियमांतच आहे. पण कमाल आकडा ठरीव आहे. युरोपात दंड जागतिक उलाढालीच्या ४ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. मे २०२३ मध्ये आयर्लंडच्या नियामकानं मेटाला १२० कोटी युरोचा दंड केला तो त्यामुळेच शक्य झाला. आपले २५० कोटी नाशिकच्या एखाद्या स्टार्टअपला संपवतील आणि मेटाला फारसे जाणवणार नाहीत. दंड ठरवताना बोर्डानं प्रमाण बघायचं आहे, पण वरची मर्यादा मेटाच्या बाजूनंच झुकलेली आहे.

आणि या दंडातला एक रुपयाही तुम्हाला मिळणार नाही. तो भारताच्या एकत्रित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत जमा होतो. वर म्हटलेलं भरपाईचं कलम ४३-ए हाच नवा कायदा मे २०२७ मध्ये रद्द करतो. म्हणजे ज्याचा डेटा फुटला त्याच्या हातात भरपाईची जी एक वाट होती ती जाते, आणि तिच्या जागी या कायद्यात दुसरी दिलेली नाही. माझ्या मते कायद्यातली ही सगळ्यात मोठी उणीव आहे. बोर्डाचे अध्यक्ष आणि सदस्य केंद्र सरकारच नेमणार, आणि केंद्र आपल्या कुठल्याही यंत्रणेला कायद्यातून सूट देऊ शकतं, यावर टीका बरीच झाली आहे आणि ती रास्त आहे. खोट्या तक्रारीबद्दल तुम्हालाच १० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, हेही त्यात आहे.

चांगली बाजू ही की बोर्ड डिजिटल कार्यालय म्हणून चालायचं आहे. तक्रार, सुनावणी, निकाल सगळं ऑनलाइन. देवळ्यात बसून तक्रार करता आली आणि तारखेला दिल्लीला जावं लागलं नाही, तर मंत्रालयाच्या खिडकीपेक्षा ते नक्कीच जवळ पडेल. बोर्डाचा निकाल पटला नाही तर ६० दिवसांत दूरसंचार तंटा न्यायाधिकरणाकडे अपील करता येईल.

आज तक्रार कुठे करायची

कर्जाच्या ॲपनं कॉन्टॅक्ट्स मागितले किंवा वापरले, तर आधी त्यामागे कुठली बँक किंवा वित्त कंपनी आहे ते बघा. १ जुलै २०२५ पासून रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर नोंदलेल्या संस्थांच्या ॲप्सची यादी आहे. यादीत असेल तर आधी त्या संस्थेकडे लेखी तक्रार, आणि ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. तिथे पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. यादीत नसेल तर रिझर्व्ह बँकेचं 'सचेत' पोर्टल आणि सायबर पोलीस. धमक्या किंवा फेरफार केलेले फोटो सुरू झाले असतील तर यादी शोधत बसू नका, सरळ पोलिसांकडे जा. पैसे गेले असतील तर १९३० हा नंबर, आणि तो लगेच, कारण पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत गोठवता आले तरच परत मिळायची आशा असते. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर घरूनही तक्रार देता येते. देवळा तालुका नाशिक ग्रामीण पोलिसांकडे येतो, शहर पोलिसांकडे नाही. हे आधी माहीत असलं की एक फेरी वाचते.

इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप, यूट्यूब यांच्याबाबत कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. २०२१ च्या आयटी नियमांनुसार त्यानं २४ तासांत पोच आणि साधारण ७ दिवसांत निकाल द्यायचा असतो. नाही दिला किंवा पटला नाही तर ३० दिवसांच्या आत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे जाता येतं, तेही ऑनलाइनच.

ॲप काढून टाकण्याआधी स्क्रीनशॉट घ्या: परवानगी मागणारी चौकट, ॲपचं पूर्ण नाव, प्ले स्टोअरवरचं बनवणाऱ्याचं नाव, आलेले मेसेज, तारीख आणि वेळ दिसेल असे. एपीके असेल तर ती फाइल आणि ती जिथून आली तो चॅट ठेवा. कंपनीला पाठवलेल्या ईमेलची पोच जपून ठेवा. २०२७ नंतर बोर्डाकडे जातानाही कंपनीकडे आधी तक्रार केल्याचा पुरावा लागणारच आहे. कंपनीनं जास्तीत जास्त ९० दिवसांत उत्तर द्यायचं, अशी मुदत नियमांत घातली आहे, आणि ते दिवस मोजायला सुरुवात तुमच्या ईमेलच्या तारखेवरून करावी लागेल.